खाजकुइलीने उघडलेलं दार

पनवेलजवळच्या सुकापुरात राहणाऱ्याच्या तोंडी 'माथेरान रोड' दिवसातून दहादा येतो, पण हा रस्ता काही माथेरानला पोचत नाही. नेरं, मालडुंगे करत तो धोदाणीला जातो आणि डोंगर पाहून थांबतो. पुढे पायवाट. जानेवारीतल्या एका रविवारी त्या वाटेने चढताना वाटेवर झुकलेली एक वेल मी उजव्या हाताने बाजूला सारली. तिच्यावर शेंगांचा घोस होता. एकेक शेंग बोटाएवढी, दोन्ही टोकांना उलट वळलेली, आणि अंगभर सोनेरी-तपकिरी लव. इतकी सुंदर, की मखमलीवरून फिरवावा तसा मी तिच्यावरून हात फिरवला.

पाच-सात सेकंद काहीच झालं नाही. मग मनगटापासून कोपरापर्यंत जे सुरू झालं, त्याला नुसतं 'खाज' म्हणणं अपुरं आहे. आत कुणीतरी सुया टोचतंय, त्या सुया तापल्यात, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एकच आज्ञा: खाजव. मी खाजवलं. आग हाताच्या मागच्या बाजूलाही पसरली. खालच्या वाडीतल्या एक आजी लाकडं घेऊन उतरत होत्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "खाजकुइली लागली. चोळू नको रे बाबा, चोळशील तेवढी आत जाईल." त्यांनी मला वाडीत नेलं, हाताला ओल्या शेणाचा लेप दिला आणि तो वाळेपर्यंत गप्प बसायला सांगितलं. लेप वाळून पापुद्र्यासारखा निघाला. उन्हात धरला, तर त्यात बारीक केसासारखी कुसळं चमकत होती, दीड-दोन मिलिमीटरची. (घरी असाल तर शेण नको, खाजवून फुटलेल्या कातडीला तर नकोच. चिकटपट्टी दाबून उचलली तरी कुसळं निघतात.)

एवढ्यावर ही हकिगत संपली असती. पण माझ्या नडग्यांना चार वर्षांपासून खाज आहे. दिवसा सोसवते, रात्री दिवा मालवला की जागी होते. तपासण्या झाल्या, अॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. गोळीने झोप यायची आणि झोपेतही मी खाजवत असायचो. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. त्या रविवारी रात्री हात आणि नडग्या एकदमच उठल्या, आणि अंधारात पडल्या पडल्या जाणवलं की दोन्ही खाजांची जात एकच आहे. तीच टोचणी, तीच जळजळ. गोळी घेतली. दोघीही हलल्या नाहीत.

पुढचे काही महिने मी खाजेबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि थक्क होत गेलो.

आपल्याला खाज कुठे येते, हे आधी पाहा. पोटात दुखतं, छातीत दुखतं, हाडात दुखतं. पण पोटात कधी खाजतं का? काळजाला? खाज फक्त कातडीला, आणि डोळे, नाक, घसा अशा कातडीला लागून असलेल्या ओलसर काठांना. जिथे नख पोचतं किंवा निदान खाकरून-शिंकून पोचता येतं, तिथेच. आपल्या सीमेवर काही चालतंय, ते झटकून टाक, एवढंच सांगायला शरीराने ही संवेदना घडवली आहे. झामुएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने 1660 मध्येच तिची व्याख्या करून ठेवली: खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना. आजही पाठ्यपुस्तकांत तीच चालते.

तरीही खाज म्हणजे सौम्य दुखणंच, असं वैद्यकात फार काळ मानलं जाई. 1997 मध्ये जर्मनीत मार्टिन श्मेल्झ आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या कातडीत असे मज्जातंतू दाखवले जे हिस्टामिन लागल्यावर पेटतात आणि नेमके खाजेच्या तालावर चालतात. केसाहून कितीतरी बारीक, वरचं आवरण नसलेले, अत्यंत सावकाश चालणारे तंतू. नडगीवरचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत न्यायला यांना सेकंदभर तरी लागतो. मग 2007 मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला झोऊ-फेंग चेन यांच्या प्रयोगशाळेत मज्जारज्जूतलं एक ग्राहक प्रथिन सापडलं. ते नसलेल्या उंदरांना दुखणं नेहमीसारखंच कळत होतं. खाजवणं मात्र खूपच कमी झालं होतं.

हिस्टामिन म्हणजे आपल्या ओळखीचं 'अंगावर पित्त उठणं'. कातडीतल्या काही पेशी ते पोटात साठवून बसलेल्या असतात. चिथावलं की सांडतात. रक्तवाहिन्या पाझरतात, गांध्या उठतात, लालबुंद कडं येतं, खाज सुटते. कोकणात अशा वेळी आमसुलाचं पाणी अंगाला लावतात. डॉक्टर सेट्रिझिन देतात, ती हिस्टामिनची जागा अडवून बसते, आणि तास-दोन तासांत गांध्या बसतात. म्हणून आपल्या डोक्यात गणित पक्कं बसलंय: खाज म्हणजे अॅलर्जी, अॅलर्जी म्हणजे गोळी.

हे गणित मोडलं खाजकुइलीने.

तिची कुसळं कातडीत रुतली की अतोनात खाजतं, पण गांध्या जवळजवळ उठत नाहीत, आणि हिस्टामिनविरोधी गोळीला ती दाद देत नाहीत. वॉल्टर शेली या अमेरिकी त्वचातज्ज्ञाने 1955 मध्ये सहकाऱ्यासोबत कुसळांतला खाजरा पदार्थ ओळखला: प्रथिनं कापणारं एक विकर. म्युक्युना हे वेलीचं शास्त्रीय नाव, म्हणून त्याला नाव दिलं म्युक्युनेन. कुसळं चांगली तापवली की विकर मरतं आणि खाज थांबते. म्हणजे टोचणं हे खाजेचं कारणच नव्हे, कुसळ ही फक्त पिचकारीची सुई. संशोधकांनी मग अशी मारलेली कुसळं हिस्टामिनमध्ये किंवा मिरचीच्या तिखट द्रव्यात भिजवून माणसांना टोचली आणि प्रत्येकाची खाज वेगवेगळी मोजली. सह्याद्रीत गुराख्याची पोरं एकमेकांच्या पाठीत टाकतात ती वस्तू जगभरच्या प्रयोगशाळांत मोजमापाचं साधन झाली! इंग्रजीत तिला 'काउहेज' म्हणतात. त्यात गायीचा काही संबंध नाही. हिंदीतल्या 'केवाँच'चाच तो बिघडलेला उच्चार आहे.

हे विकर खाज कशी पेटवतं, ते 2008 मध्ये ईथन लर्नर, रॉबर्ट लामॉट आणि सहकाऱ्यांनी उलगडलं. या ठिकाणी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. एरवी पेशीवरच्या ग्राहकाला बाहेरून कुणीतरी येऊन चिकटावं लागतं, कुलपात किल्ली बसावी तसं. इथे किल्ली बाहेरून येतच नाही. ती कुलपालाच दोरीने बांधलेली असते, फक्त एका पिशवीत शिवून. म्युक्युनेन येतं आणि कात्रीसारखी ती पिशवी कापतं. किल्ली मोकळी होते, वळते आणि आपल्याच कुलपात जाऊन बसते. दार उघडतं. आणि एकदा कापलेलं पुन्हा शिवता येत नाही. पेशीला ते कुलूप मोडीत काढून नवं आणावं लागतं.

आता खरी गोम. अशा कात्र्या फक्त खाजकुइलीकडे नाहीत. आपल्याच कातडीच्या पेशी त्या बनवतात, कारण जुन्या पेशींचा थर सैल करून झाडायला त्या लागतात. गादीतल्या धुळीतल्या किड्यांच्या विष्ठेत त्या असतात. इसब झालेल्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस नावाचे जिवाणू दाटी करतात, त्यांच्याकडेही आहेत. या जिवाणूचं एक विकर थेट मज्जातंतूवरचं असंच एक दार कापतं, हे हार्वर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं. निरोगी कातडीत वरचा तेलकट थर या सगळ्यांना आवरून धरतो. तो थर कोरडा पडून तडकला, की कात्र्या मोकाट. इसबाची, कोरड्या कातडीची जुनी खाज बऱ्याच अंशी हिस्टामिनच्या वाटेने येतच नाही. माझ्या नडग्यांवर चार वर्षं मी भलत्याच दाराला कडी लावत होतो.

आपल्या पूर्वजांनी या वेलीला कपिकच्छू म्हटलं. कपी म्हणजे माकड, कच्छू म्हणजे खाज. दुसरं नाव आत्मगुप्ता, स्वतःचं रक्षण स्वतः करणारी. तिच्या बिया शुद्ध करून औषधात वापरतात. मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्ये या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं, जे पुढे कंपवाताचं मुख्य औषध ठरलं. आमचं पनवेल तर 1872 पासून श्रीधूतपापेश्वरच्या आयुर्वेदिक औषधांचं गाव. चरकाने कंडू, म्हणजे खाज, घालवणाऱ्या दहा वनस्पती एकत्र सांगितल्या आहेत, त्यांतले बहावा, करंज, कडुनिंब, कुडा या बाजूच्या डोंगरांत आजही भेटतात. 'कंडू' हा स्वतंत्र विषय म्हणून वेगळा काढावा, हे ज्याला सुचलं त्याने खाज किती लक्ष देऊन पाहिली असेल!

धोदाणीहून परतताना नेरं लागतं. तिथे कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. पूर्वी मी तिथून कितीदा तरी गेलो असेन, पण खाजेचं वाचायला लागल्यापासून ती पाटी वेगळी दिसते. आरोग्यसेविका घरोघर विचारतात, अंगावर न खाजणारा, बधिर चट्टा आहे का? कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंच्या आवरणात घर करतो आणि सगळ्यात बारीक तंतू आधी मुके होतात: ऊन-थंड कळवणारे, दुखणं कळवणारे, आणि हेच खाजेचे. मग चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखम चिघळते, बोटं झिजून आखूड होतात. खाज नसणं हीच धोक्याची खूण. हे कळल्यापासून माझ्या नडग्यांवरचा राग ओसरला. रात्री दोनला त्या ओरडतात, तेव्हा तंतू शाबूत आहेत एवढं तरी कळतं.

पण राग ओसरला म्हणून खाज ओसरत नाही. खाजवल्यावर बरं का वाटतं, हेही पाहिलं पाहिजे. मिनेसोटा विद्यापीठात 2009 मध्ये माकडांच्या मज्जारज्जूतल्या पेशींवर काम झालं. खाजेचा निरोप चालू असताना कातडी खाजवली की त्या पेशी शांत होत. खाज नसताना खाजवलं तर होत नसत. म्हणजे ते सुख खोटं नाही, मज्जारज्जू खरोखर दार लोटतो. मात्र काही क्षणांपुरतंच. 2025 च्या आरंभी पिट्सबर्गच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की खाजवण्यानेच कातडीतल्या त्या हिस्टामिन साठवणाऱ्या पेशी पुन्हा चेततात आणि सूज वाढते. त्याच प्रयोगात खाजवल्याने कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस कमी झालेलेही दिसले. झटकून टाक ही जुनी आज्ञा निव्वळ वेडेपणाची नव्हती तर!

मला आराम पडला तो कातडीचा थर सांधल्यावर. हिवाळ्यातही बादलीतलं पाणी कढत घ्यायची माझी सवय होती, अंग घासायला दगड आणि भरपूर साबण. आता कोमट पाणी, साबण काखा-जांघा-पायांपुरता, आणि अंग टिपून ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत व्हॅसलीन. नंतर नव्हे, तेव्हाच, कारण पाणी उडून जायच्या आत वर झाकण बसलं पाहिजे. संध्याकाळी पुन्हा. रात्री खाज का चढते, त्याचीही कारणं आहेत: अंथरुणात कातडी तापते, तिच्यातलं पाणी जास्त उडतं, सूज आवरणारं शरीरातलं कॉर्टिसोल रात्री उतरतं. म्हणून उशाशी वाटीत पाणी आणि सुती फडकं. खाज उठली की ओलं फडकं नडगीवर घालतो. गारवा कळवणारे तंतू मज्जारज्जूत खाजेला दाबतात. तीन आठवड्यांत चादरीवरचे ठिपके गेले.

पण माझं औषध ते तुमचं नव्हे. या भागात पावसाळ्यात चार महिने कपडे दमट राहतात, आणि जांघेत, कमरेला गोल कडांचा नायटा धरतो. त्याला व्हॅसलीन लावून झाकलं तर तो खुशाल पसरेल. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून विचारून आणलेली 'खाजेची ट्यूब'. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत फोफावते. भारतातल्या हट्टी नायट्यातली एक बुरशी इतकी वेगळी निघाली की 2020 मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावच मिळालं. नेहमीच्या टर्बिनाफिनला ती बरेचदा दाद देत नाही. आणि घरातल्या दोघा-तिघांना बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती रात्री खाजत असेल, तर ती खरूज. तिचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, औषध मात्र एकाच रात्री घरातल्या सगळ्यांना, खाजत नसलेल्यांनाही, कारण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला महिना-दीड महिना जातो. सहा आठवडे उलटूनही खाज टिकली आणि कातडीवर काहीच दिसत नसेल, तर रक्त तपासून घ्यावं. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोहाची कमतरता यांतलं कुणीही कातडीच्या तोंडून बोलत असू शकतं.

धोदाणीच्या वाटेवरची एक वाळकी शेंग मी चिमट्याने उचलून काचेच्या बाटलीत आणली आहे. झाकणावर चिकटपट्टी मारून ती खिडकीत ठेवली आहे. दुपारी सुकापुरात पश्चिमेचं ऊन खिडकीवर येतं, तेव्हा काचेच्या आत गळून पडलेली कुसळं तळाशी सोन्याच्या भुग्यासारखी दिसतात. नात विचारते, "आजोबा, हात लावू?" मी तिला भिंग देतो.