फ्यूज : बॅटरीचा राखणदार

विजेवर चालणाऱ्या सायकली आता गल्लोगल्ली दिसू लागल्या आहेत. कुणी तयार सायकल घेतो, कुणी जुन्या सायकललाच मोटर आणि बॅटरी बसवून घेतो. बॅटरी किती व्होल्टची, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, हे सगळे विचारतात. तिला फ्यूज कोणता लावला आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली तार किंवा पट्टी. प्रमाणाबाहेर प्रवाह वाहिला की ती वितळते आणि वाट तुटते. फ्यूज मोटर वाचवतो, असा आपला समज. पण त्याचे मुख्य काम वायर पेटू न देण्याचे आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना भिडल्या, तर क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. बॅटरीत बीएमएस नावाचा इलेक्ट्रॉनिक पहारेकरी असतो हे खरे. पण त्याचे ट्रान्झिस्टर बिघडले की पुष्कळदा 'चालू' स्थितीतच अडकतात. मग भिस्त उरते ती फ्यूजवर.

आता निवड कशी करायची? आधी अँपिअर पाहा. कंट्रोलर जास्तीत जास्त १५ अँपिअर घेत असेल, तर फ्यूज २० अँपिअरचा ठेवावा. म्हणजे नेहमीच्या वापरात त्याच्यावर तीन चतुर्थांशच भार येतो आणि चढावर तो उगाच उडत नाही. मात्र वायरची क्षमता फ्यूजपेक्षा जास्तच हवी. नाहीतर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल. चार्जिंगची वायर बारीक असते. चार्जर २ अँपिअरचा असेल, तर तिला ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज पुरतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि फसगत होते ती इथेच. मोटारगाडीत वापरतात त्या रंगीत पात्यांच्या बहुतेक फ्यूजची मर्यादा ३२ व्होल्ट असते. आपली '४८ व्होल्ट'ची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्टपर्यंत जाते. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे फ्यूज वितळताना उठणारी ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीचा डीसी प्रवाह असा थांबत नाही. तार वितळली तरी मधल्या फटीतून ठिणगी धगधगत राहू शकते. म्हणून फ्यूजवर नुसते '२५० व्होल्ट एसी' लिहिलेले चालणार नाही. डीसीचा आकडा हवा आणि तो ५४.६ पेक्षा मोठा हवा. शिवाय शॉर्टसर्किटचा किती प्रवाह तो तोडू शकतो, हेही पाहावे. काचेच्या नळीच्या साध्या फ्यूजची ही ताकद बेताची असते. आत वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजची बरीच जास्त.

तिसरा होल्डर. फ्यूज चांगला आणि होल्डर सैल, अशी जोडी घातक. सैल किंवा गंजलेल्या जोडावर उष्णता साठते, प्लास्टिक वितळते, आणि फ्यूज मात्र उडत नाही. कारण प्रवाह वाढलेलाच नसतो! होल्डरचे अँपिअर आणि व्होल्ट फ्यूजपेक्षा कमी नकोत. पकड घट्ट हवी, आणि पावसाळ्यासाठी झाकणही. तो बॅटरीच्या धन टोकाला जितका जवळ, तितका बरा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला राखणदार नसतो.

सेलच्या आतच बिघाड झाला, तर बाहेरचा फ्यूज आग रोखू शकत नाही, हेही सांगायला हवे. २०२२ साली आपल्याकडे विजेच्या स्कूटरांना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. मात्र गल्लीतल्या दुकानात जोडलेल्या बॅटरीची काळजी आपणच घ्यायची.

फ्यूज उडाला तर आधी कारण शोधा. तांब्याची तार गुंडाळू नका, मोठा फ्यूज ठोकून देऊ नका. बॅटरी स्वतः उघडू नका. जाणत्या कारागिराकडे न्या. नवा फ्यूज घालताना त्याला एवढेच विचारा : किती अँपिअरचा, डीसी किती व्होल्टचा, आणि ही वायर तेवढा भार सोसेल का? जो नीट उत्तर देईल, त्याच्याच हाती बॅटरी सोपवा.