एका तारखेच्या अलीकडे, पलीकडे

लेखमाला : सातासमुद्रापारचा संसार — लेखांक ६

भांडण विकोपाला गेलं की स्पॉन्सर केलेल्या बायकोला एक धमकी हमखास ऐकावी लागते : “मी आणलंय तुला, मीच परत पाठवीन.” कॅनडात ही धमकी ऐकणाऱ्या बाईने किती घाबरायचं, हे एकाच गोष्टीवर ठरतं. तिला कायम रहिवासाचा दर्जा, म्हणजे सगळे ज्याला ‘पीआर’ म्हणतात तो, मिळालाय की नाही? मिळाला असेल तर तिला परत पाठवण्याचा नवऱ्याला काडीचाही अधिकार नाही. मिळाला नसेल तर मात्र त्याच्या हातात बरंच काही आहे. बायकोने नवऱ्याला स्पॉन्सर केलं असेल तरी कायदा हाच.

आधी पीआर मिळण्याच्या तारखेच्या अलीकडची बाजू. गेल्या आठवड्यात अर्जाचा मार्ग आपण पाहिला. नातं अर्जाच्या दिवशी खरं असून भागत नाही, निर्णयाच्या दिवशीही ते टिकून असावं लागतं. शिवाय पीआर मिळेपर्यंत कोणत्याही दिवशी स्पॉन्सर आपला अर्ज मागे घेऊ शकतो. एवढंच काय, व्हिसा हाती आला, तिकीट काढलं आणि नेमकं त्याच आठवड्यात सगळं फिसकटलं, तरी तो व्हिसा वापरून उतरता येत नाही. कॅनडात पाऊल ठेवताना अधिकारी विचारतो, अर्ज केल्यापासून वैवाहिक स्थितीत काही बदल झाला का? तिथे खोटं सांगितलं तर ती दिशाभूल ठरते. त्यापायी मिळालेला पीआर पुढे काढून घेतला जाऊ शकतो आणि पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

कॅनडातच राहून अर्ज केलेल्या बाईची कोंडी आणखी घट्ट. त्या वर्गाच्या अर्जात दोघांनी एकत्र राहणं ही अटच आहे. घर सोडलं की अर्जाचा पाया गेला, आणि घरात राहावं तर मार. ही कोंडी फुटावी म्हणून २६ जुलै २०१९ पासून कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्यांसाठी खास तात्पुरता परवाना सुरू झाला. तो किमान सहा महिन्यांचा असतो, पहिल्या परवान्याला फी लागत नाही आणि त्यासोबत वर्क परमिटही मागता येतं. हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैशाची नाकेबंदी आणि मानसिक छळही त्यात धरले जातात. डॉक्टरांचं पत्र, शेल्टरचं पत्र, पोलिसांचा अहवाल असे कागद पुरावा म्हणून जोडता येतात. या सहा महिन्यांत श्वास घेऊन मानवतेच्या आधारावर कायम रहिवासाचा अर्ज करता येतो, मात्र नुसता अर्ज केल्याने देशाबाहेर काढण्याची कारवाई आपोआप थांबत नाही. वकील गाठायचा तो इथे, उशीर न करता.

आता पलीकडची बाजू. तिथे सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे ते एका जुन्या सल्ल्याने. “दोन वर्षं कशीबशी काढ, मग काय ते बघू,” असं माहेरची माणसं अजूनही सांगतात. हा सल्ला कधीकाळी खरा होता. २५ ऑक्टोबर २०१२ पासून कॅनडाने सशर्त पीआर आणला. नातं दोन वर्षांचं किंवा त्याहून कमी असेल आणि दोघांना मूल नसेल, तर पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहणं बंधनकारक होतं. छळ होत असेल तर सूट होती, पण ती मागायची तर छळ सिद्ध करायचा, आणि नव्या देशात चार महिने झालेल्या, स्वतःचं बँक खातंही नसलेल्या बाईने तो कसा सिद्ध करायचा? या अटीमुळे बायका अत्याचारी घरात अडकून पडण्याचा धोका आहे, हे अखेर सरकारनेच मान्य केलं आणि १८ एप्रिल २०१७ रोजी अट रद्द झाली. आधी ती लागू झालेल्यांचीही त्यातून सुटका झाली. म्हणजे आज पीआर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी छळाला कंटाळून बाई घराबाहेर पडली, तरी तेवढ्यावरून तिचा दर्जा जात नाही.

नवरा तक्रार करू शकतो, ‘हिने पीआरसाठीच लग्न केलं’ म्हणून. पण मग लग्न मुळातच खोटं होतं हे दिसावं लागतं. ते नंतर मोडलं, एवढं पुरत नाही. चौकशी होते, सुनावणी होते, निकाल विरुद्ध गेला तर पीआरधारकाला अपील करता येतं. अशा वेळी लग्नाआधीचे मेसेज, एकत्र भाडेकरार, दोघांच्या नावाची बिलं उपयोगी पडतात. घर सोडताना दागिन्यांआधी ही फाइल उचलावी.

खरा धोका पलीकडच्या बाजूला वेगळाच आहे. समजा, सांगलीची एक मुलगी मार्च २०२४ मध्ये पीआर घेऊन ब्रॅम्प्टनला उतरली. नऊ महिन्यांनी भावाच्या लग्नासाठी नवऱ्याबरोबर माहेरी आली. लग्न पार पडलं आणि नवरा तिचं पीआर कार्ड आणि पासपोर्ट बॅगेत घालून एकटाच परत गेला. घरच्यांना वाटतं, सगळं संपलं. संपलेलं काहीच नसतं. कार्ड हा दर्जाचा पुरावा आहे, दर्जा नव्हे. पोलिसांत तक्रार नोंदवून नवा पासपोर्ट काढता येतो. मग पीआरधारकांसाठी असलेल्या ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी भारतातून अर्ज करता येतो आणि त्यावर विमानात बसता येतं. मोजायचे असतात ते दिवस. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. तिचे जेमतेम २७० भरलेत. उरलेले ४६० मार्च २०२९ पर्यंत भरायचे, म्हणजे २०२७ च्या दिवाळीपर्यंत परतली तरी हिशेब बसतो. घात होतो तो मिटवामिटवीच्या बैठकांमध्ये. मामा येतात, मध्यस्थ येतो, ‘नांदायला नेईल’ म्हणून वाट पाहत वर्षं निघून जातात. नवरा कॅनडाचा नागरिक असेल आणि ती परदेशात त्याच्याजवळ राहत असेल, तर ते दिवस धरले जातात. वेगळी राहत असेल तर नाही.

पैशाच्या बाबतीतही सगळं संपत नाही. स्पॉन्सर करताना नवऱ्याने जी हमी लिहून दिली, ती बायकोला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षं चालते. वेगळं झालं किंवा घटस्फोट झाला म्हणून ती सुटत नाही. या काळात तिने सरकारी मदत घेतली तर तिच्या पीआरला धक्का लागत नाही. वसुली नवऱ्याकडून होते. मावी खटल्यात आठ स्पॉन्सरांचं प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, त्याचा निकाल २०११ मध्ये लागला. ज्यांना त्यांनी आणलं होतं त्यांनी सरकारी मदत घेतल्यामुळे या आठ जणांच्या नावावर कर्ज उभं राहिलं होतं. सरकारने नोटीस द्यावी, अडचण ऐकून घ्यावी, वेळ द्यावा, पण कर्ज माफ होणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

पुन्हा लग्न करणाऱ्यांसाठीही कुलपं आहेत. पहिल्या बायकोच्या हमीची तीन वर्षं संपेपर्यंत नवऱ्याला दुसरी बायको स्पॉन्सर करता येत नाही. आणि २ मार्च २०१२ पासूनच्या नियमानुसार, स्पॉन्सर होऊन आलेल्या व्यक्तीला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं नवा जोडीदार आणता येत नाही. त्याआधी पहिलं लग्न कायद्याने संपलेलं असावं लागतं हे वेगळंच. हा घटस्फोट ऑन्टॅरिओत घ्यावा की सांगलीच्या कोर्टात, आणि एका देशाचा निकाल दुसऱ्या देशात कधी चालतो, ते पुढच्या आठवड्यात.