न चढणाऱ्या दारूचा वारसा

व्यसनाधीनतेची जोखीम काही अंशी आई-वडिलांकडून येते, याविषयी वैद्यकशास्त्रात आता फारसा वाद उरलेला नाही. मात्र वारशात येते ती जोखीम, व्यसन नव्हे. दारूच्या व्यसनाबाबत एखाद्या समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा आनुवंशिक कारणांनी होतो, असे जुळ्यांवरचे अभ्यास सांगतात. कोकेनसाठी हा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास, तर एलएसडीसारख्या भास निर्माण करणाऱ्या पदार्थांसाठी चाळीसच्या आसपास निघाला आहे. हे आकडे समाजाबद्दल बोलतात, एका माणसाबद्दल नाही. ‘वडील पीत होते म्हणून मुलगा निम्मा व्यसनी’ असा त्यांचा अर्थ काढणे चुकीचे आहे.

घरातले वळण आणि रक्तातला वारसा यांची फारकत करणे कठीण असते, कारण बहुतेक मुलांना दोन्ही एकाच घरातून मिळतात. ही गाठ सोडवायला दत्तक गेलेल्या मुलांचे अभ्यास कामी आले. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधल्या अशा पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचे व्यसन होते, पण जे जन्मानंतर काही आठवड्यांतच दुसऱ्या घरी वाढले. त्यांच्यापैकी १८ टक्के पुढे मद्यासक्त झाले. दत्तक गेलेल्या, पण जन्मदाते व्यसनी नसलेल्या पुरुषांत हेच प्रमाण ५ टक्के होते. स्वीडनमध्ये २०१२ साली अठरा हजारांहून अधिक दत्तक मुलांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अमली पदार्थांबाबतही तसेच दिसले. जन्मदात्यांपैकी कोणी व्यसनी असेल तर ८.६ टक्के, नसेल तर ४.२ टक्के. याच अभ्यासात दत्तक घरातली विस्कटलेली परिस्थितीही जोखीम वाढवताना आढळली, आणि दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथे परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होता. हेही लक्षात घ्यायला हवे की जन्मदाते व्यसनी असलेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले अमली पदार्थांच्या व्यसनात सापडली नाहीत.

मग वारशात नेमके येते तरी काय? याचे सर्वांत उद्बोधक उत्तर कॅलिफोर्नियातले मनोविकारतज्ज्ञ मार्क शुकिट यांच्या कामातून मिळाले. त्यांनी विशीच्या आसपासच्या तरुणांना मोजून दारू दिली आणि तिचा परिणाम तपासला: कितपत चढली असे त्यांना स्वतःला वाटते, उभे राहिल्यावर शरीर किती डोलते, रक्तातली संप्रेरके किती बदलतात. यातले निम्मे मद्यासक्त वडिलांची मुले होती. त्यांच्यापैकी अनेकांवर तेवढ्याच दारूचा परिणाम कमी झाला. सुमारे दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले, तेव्हा मद्यासक्त वडिलांच्या ज्या मुलांना दारू कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के स्वतः मद्यासक्त झाले होते. ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होते. दोघांचेही वडील व्यसनी. फरक होता तो शरीराने ‘पुरे’ म्हणण्यात.

आपल्याकडच्या समजुतीला हे थेट छेद देणारे आहे. ‘किती प्यायला तरी त्याला चढत नाही’, ‘गडी पचवतो’ हे बसलेल्या मंडळींत कौतुकाने बोलले जाते आणि तरुण मुलगा ते भूषण म्हणून मिरवतो. वास्तविक ही धोक्याची खूण आहे. ज्याला दोन पेल्यांतच गरगरते तो थांबतो; ज्याला काही होत नाही तो तिसरा, चौथा भरतो, पिणाऱ्यांच्याच संगतीत रमतो आणि मेंदूला दारूची सवय लागेपर्यंत त्याला कोणताही त्रास जाणवत नाही. घरात दारूचे व्यसन असेल, तर अशा मुलाचे कौतुक करण्यासारखी घातक गोष्ट नाही.

शरीराचा हा इशारा जनुके कशी ठरवतात, हे सर्वांत स्पष्टपणे पूर्व आशियात दिसते. पोटात गेलेल्या अल्कोहोलचे यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य होते, आणि एएलडीएच-२ नावाचे एन्झाइम ते निरुपद्रवी करते. जपान, चीन, कोरियातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये या एन्झाइमच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो आणि त्यामुळे ते नीट काम करत नाही. एक पेला घेतला तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते. व्यसनमुक्तीसाठी दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी नेमके हेच एन्झाइम बंद पाडते. ती चालू असताना दारू घेतल्यास माणूस आजारी पडतो तो यामुळेच. या लोकांना ती गोळी जणू जन्मतःच मिळालेली असते. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून हा बदल मिळतो, ते मद्यासक्त होण्याचे उदाहरण जवळजवळ सापडत नाही. भारतातल्या बहुतांश समाजांत मात्र हा बदल अगदी विरळ असल्याने हे संरक्षण आपल्याला नाही.

पण जपानची गोष्ट इथे संपत नाही. सुसुमू हिगुची आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तिथल्या मद्यासक्त रुग्णांच्या वेगवेगळ्या काळातल्या नमुन्यांची तुलना केली. हा बदल एका पालकाकडून मिळालेल्यांचे रुग्णांमधले प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९८६ मध्ये ८ आणि १९९२ मध्ये १३ टक्के झाले. इतक्या थोड्या वर्षांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते समाजातले पिणे. कामानंतर साहेबांबरोबर आणि ग्राहकांबरोबर प्यायला बसणे हा नोकरीचाच भाग झाला, तेव्हा शरीर नको म्हणत असतानाही माणसे पीत राहिली. त्याची दुसरी किंमतही त्यांना मोजावी लागते, कारण अशा लोकांनी नेमाने दारू घेतली तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

तंबाखूच्या बाबतीतही ‘पुरे’चा असाच एक धागा सापडला आहे. पंधराव्या गुणसूत्रावरच्या सीएचआरएनए-५ या जनुकातला एक बदल धूम्रपानाशी जोडलेला असल्याचे २००८ साली अनेक संशोधकगटांनी एकाच सुमारास दाखवले. निकोटीन मेंदूतल्या ज्या रिसेप्टरांवर जाऊन बसते, त्यांचा एक घटक हे जनुक बनवते. २०११ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की मेंदूच्या हॅबेन्युला नावाच्या छोट्याशा भागात हा घटक कमी असला, तर निकोटीन जास्त झाल्यावर येणारी किळस उंदरांना येत नाही आणि ते निकोटीन घेतच राहतात. माणसांत या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला सरासरी एक सिगारेट वाढते. परिणाम किरकोळ वाटतो, पण व्यसनाच्या जनुकशास्त्रात हा मोठाच गणला जातो.

बाकीच्या जनुकांचा प्रभाव याहून कितीतरी क्षीण आहे, आणि हे समजायला शास्त्राला बराच वेळ लागला. १९९० साली डोपामिन रिसेप्टरच्या डीआरडी-२ या जनुकाजवळचा एक बदल मद्यासक्तांमध्ये जास्त आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि ‘दारूचे जनुक सापडले’ अशी हाकाटी झाली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला तसे काहीच दिसले नाही. पुढे तर तो बदल शेजारच्या वेगळ्याच जनुकात असल्याचे निघाले. २०१९ मध्ये बारा लाख लोकांच्या माहितीतून दारू आणि तंबाखूच्या सवयींशी निगडित चारशेहून अधिक जनुकीय जागा समोर आल्या. प्रत्येकीचा वाटा नगण्य, पण त्या एकत्र आल्या की त्यांचे वजन जाणवते. २०२३ च्या आणखी एका मोठ्या अभ्यासात १९ जागा अशा मिळाल्या, ज्या दारू, तंबाखू, गांजा आणि अफूवर्गीय पदार्थ या सगळ्यांची जोखीम एकत्रच वाढवतात. त्यांत डीआरडी-२ चा परिसरही आहे, मात्र अनेकांतला एक म्हणून. म्हणजे वारशाचा बराचसा भाग एखाद्या ठरावीक पदार्थासाठी नसतो.

परिस्थितीने दारच उघडले नाही, तर हा वारसा वर्षानुवर्षे झोपून राहू शकतो. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात १९२५ पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांच्या तंबाखूसेवनावर आनुवंशिकतेचा प्रभाव जवळजवळ आढळला नाही, कारण बायकांनी सिगारेट ओढणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. १९४० नंतर जन्मलेल्या स्त्रियांत तो पुरुषांइतकाच, ६३ टक्के निघाला. दिल्लीच्या एम्सने २०१९ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया दारू घेतात असे आढळले. बहीण-भाऊ एकाच आईबापांचा वारसा घेऊन येतात, तरीही अंतर सतरापट. महाराष्ट्राच्या खेड्यांत दारूला कधीही न शिवलेल्या, पण सकाळी उठल्यावर तंबाखूची मिश्री लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, अशा बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. समाजाने त्यांना तेवढीच एक वाट मोकळी ठेवली होती.

जनुकीय चाचणीने धोका आधीच ओळखता येईल, ही आशा आज तरी फोल आहे. अमेरिकेत अफूवर्गीय वेदनाशामकांच्या व्यसनाची शक्यता सांगणाऱ्या एका चाचणीला २०२३ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली, पण त्याआधी सल्लागार समितीने ११ विरुद्ध २ मतांनी तिच्याविरुद्ध कौल दिला होता. शिवाय आजवरचे बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. त्यांतून काढलेले ठोकताळे भारतीयांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पैसे घेऊन ‘व्यसनाचे जनुक’ तपासून देणाऱ्यांपासून दूर राहणेच बरे.

त्यापेक्षा भरवशाची माहिती घरातच असते: आई-वडील, काका, मामा, आजोबा यांच्यापैकी कोणाला व्यसन होते का. बऱ्याच घरांत लाजेपोटी ती मुलांपासून लपवली जाते. मधुमेहाचा कौटुंबिक इतिहास जसा सांगितला जातो, तसाच हाही सांगितला गेला पाहिजे, आणि तोही मूल कॉलेजात जाण्याआधी. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे केव्हातरी तिच्या आहारी गेले. विशीनंतर सुरू करणाऱ्यांत ते प्रमाण १० टक्के होते. लवकर सुरुवात करण्यामागे वारशाचाही हात असू शकतो, हे खरे. तरीही ज्या घरात व्यसनाचा इतिहास आहे, तिथे पहिला पेला जितका लांबेल तितके चांगले, आणि तो कधीच न भरला गेला तर सर्वांत उत्तम. ज्यांना आधीच व्यसन जडले आहे, त्यांच्यावरचे उपचार वारशामुळे निष्फळ ठरत नाहीत. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.