घराची किंमत आणि खोलीचा किराया

कोंढ्यासारख्या गावात उभे राहून घरांच्या भावाविषयी बोलावयाचे, हे जरा धाडसाचेच काम आहे. आमच्याकडे घर विकत घेत नाहीत, बांधतात. त्याची किंमत निघते ती भावाभावांची वाटणी होते तेव्हा, आणि तीही चार जाणती माणसे ओट्यावर बसून काढतात. मग हा विषय आम्ही का निवडला? गावातल्या घराला भाव नसला, तरी गावची पोरे जेथे राहतात त्या खोल्यांना भाव आहे. धानाची मळणी उरकली की पवनी तालुक्यातून माणसे नागपूरला जातात, पुण्याला जातात. कोणी परत येतात, कोणी तिकडचेच होतात. त्यांच्या पगाराचा मोठा घास किराया खातो. म्हणून हा विषय कोंढ्याचाही आहे.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी नागपूरकडच्या एका कारखान्यात आमच्या संघटनेने पगारवाढ मिळविली. महिना सहाशे रुपये वाढले. आम्ही गुलाल उधळला. दुसऱ्या महिन्यात कारखान्याभोवतीच्या वस्तीतील खोल्यांचा किराया तीनशे रुपयांनी वाढला. कोणीतरी आधी वाढविला, बाकीच्यांनी पाहून वाढविला. आमच्याच भागातला एक कामगार भेटला आणि म्हणाला, "भाऊ, वाढ आमच्यासाठी मांगली होती का घरमालकासाठी?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही ह्या प्रश्नाचा जमेल तसा अभ्यास सुरू केला. जे समजले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी, की घराची किंमत आणि घराचा किराया ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. किराया पगारातून येतो. माणसाला जेवढे मिळते त्यातून पोटाला घालून जे उरते, त्यापलीकडे घरमालक मागू शकत नाही. मागितले तर खोली रिकामी राहते. किंमतीचे तसे नाही. तीत आजच्या पगाराबरोबर उद्याची आशा असते, बँकेचे कर्ज असते, आणि ज्याला त्या घरात कधी राहावयाचेच नाही अशा माणसाचा पैसाही असतो.

उदाहरण घेऊ. समजा, एका शहरात 40 लाखांचा फ्लॅट आहे आणि त्याचा किराया महिना 10 हजार आहे. वर्षाचे 1 लाख 20 हजार झाले. म्हणजे किंमतीवर 3 टक्के. आपल्या मोठ्या शहरांत साधारण दोन ते चार टक्क्यांच्या आसपासच हे प्रमाण असते. बँकेतील मुदतठेव ह्याहून अधिक देते. मग मालकाने तो फ्लॅट का घ्यावा? कारण उद्या तो 50 लाखांचा होईल असे त्याला वाटते. आता तोच फ्लॅट एखाद्या कामगाराने कर्जाने घेतला. 8 लाख रोख भरले, 32 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 27 हजार 800 येतो. दहा हजारांच्या खोलीसाठी अठ्ठावीस हजार! उरलेले अठरा हजार तो कशाचे देतो? काही भाग घर आपले होण्याचा, आणि बराच भाग दुसऱ्याच्या आशेचा.

दुसरी गोष्ट: एका भागात घर महाग आणि दुसऱ्यात स्वस्त, हे का? सिमेंटच्या पोत्याचा भाव भंडाऱ्यात आणि मुंबईत फार वेगळा नसतो. लोखंडाचेही तसेच. गवंड्याच्या मजुरीत फरक पडतो, परंतु तो दसपट नसतो. फरक पडतो जमिनीत. आणि जमीन महाग होते ती मातीच्या गुणाने नव्हे. वैनगंगेकाठच्या काळ्या मातीला घराचा भाव कोण देतो? ती महाग होते कामाच्या जवळिकीने. जेथून चालत किंवा तासाभरात कामावर पोहोचता येते, ती जमीन महाग.

लोकसंख्या वाढली की भाव वाढतो, असे सर्रास म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. 2001 ते 2011 ह्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. आपल्या भंडारा जिल्ह्याची साडेपाच टक्क्यांच्या आसपास. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांची चक्क घटली. पण मौज अशी, की मुंबई शहर जिल्ह्याचीही सात टक्क्यांहून अधिक घटली, आणि त्याच काळात ठाणे जिल्ह्याची 36 टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीतून माणसे गेली ती काम नाही म्हणून. मुंबई शहरातून गेली ती काम होते पण खोली परवडेना म्हणून. पहिल्या ठिकाणी घरे कुलपात राहिली, दुसऱ्या ठिकाणी भाव चढत राहिले.

मुंबईच्या गिरणगावाची कथा ह्याहून बोलकी आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्यास वाट दिली. 2001 मध्ये त्या नियमात बदल झाला, आणि मोकळी जागा व सार्वजनिक घरे ह्यांसाठी सोडावयाची जमीन फार कमी झाली. कापड विणून जेवढे मिळत नव्हते, तेवढे नुसत्या जमिनीने मिळवून दिले. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाला सोडती काढाव्या लागल्या, आणि त्यांत नंबर लागण्याची वाट पाहत कित्येक म्हातारे निघून गेले. काम गेले, तरी कामाने महाग केलेली जमीन मालकाकडेच राहिली. हा धडा प्रत्येक कामगाराने ध्यानात ठेवावा.

आता कायद्याकडे वळू. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने किराया साधारण 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठविला. त्याने लाखो कुटुंबांचे छप्पर वाचविले, हे आम्ही मान्य करतो. परंतु पन्नास वर्षे तोच किराया राहिल्यावर मालकाने दुरुस्ती सोडली, पागडीचा व्यवहार फोफावला, इमारती खचू लागल्या. 1969 मध्ये सरकारला दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ काढावे लागले. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठविणे अवाजवी ठरविले. आपल्या विदर्भाला मुंबईचा कायदा नव्हता. येथे मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1946 चा कायदा चाले, आणि मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा. एका राज्यात तीन कायदे! ते सारे जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. तो प्रामुख्याने शहरी क्षेत्रांत लागू आहे.

नागपूर-पुण्याला जाणाऱ्या पोरांनी ह्या कायद्यातील तीन गोष्टी पाठ कराव्यात. एक, खोलीचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. दोन, पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकता येत नाही. तीन, दिलेल्या किरायाची पावती मागण्याचा तुमचा हक्क आहे. मात्र अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर सही केली असेल, तर मुदत संपताच खोली सोडावी लागते. तेथे भाडेकरूचे संरक्षण मिळत नाही. म्हणून सहीपूर्वी कागद वाचावा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा.

आता पगाराशी ह्याचा संबंध पाहू. सरकारने स्वतःच देशाचे तीन वर्ग केले आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्याचा किमान घरभाडे भत्ता मुंबई-पुण्यासारख्या पहिल्या वर्गातील शहरांत 5,400 रुपये, नागपूर-नाशिक-अमरावती ह्या दुसऱ्या वर्गात 3,600 आणि बाकी सर्वत्र, म्हणजे भंडारा-पवनीतही, 1,800 रुपये ठरला. म्हणजे किराया जागेप्रमाणे बदलतो हे सरकार मानते. मग कंत्राटी कामगाराला, विडी वळणाऱ्या बाईला हा भत्ता का नाही? तिचे घर काय आकाशाखाली आहे? आमच्या संघटनांनीही मजुरी आणि महागाई भत्ता ह्यांवरच भर दिला. औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकात, 2016 ह्या पायाभूत वर्षाच्या मालिकेत, घराचा वाटा सुमारे 17 टक्के धरला आहे, आणि त्याचा आकडा सहा महिन्यांतून एकदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, बदलतो. कांद्याचा भाव दर महिन्याला मोजला जातो, किराया सहा महिन्यांनी. मधल्या काळातील वाढ कामगार आपल्या खिशातून भरतो.

घरे कमी आहेत म्हणून हे सारे होते, असे कोणी म्हणेल. पण 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, आणि त्याच शहरांतील शंभरांपैकी सुमारे 27 कुटुंबे किरायाने राहत होती. घरे आहेत; ती ज्याला हवीत त्याच्या पगारात बसत नाहीत, किंवा जेथे काम आहे तेथे नाहीत. कोकणात आणि केरळात मुंबईच्या व आखाताच्या पैशाने बांधलेली घरे कुलपात आहेत. बेंगळुरूत नोकरदार मोठी अनामत भरून खोली शोधत फिरतात.

मग उपाय काय? एक आम्ही डोळ्यांनी पाहिला. सोलापुरात विडी कामगार बायांनी संघटना करून घरे मागितली. कुंभारीजवळ कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे उभी राहिली; 2006 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे रे नगर येथे असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची योजना झाली, आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यांतील पहिली 15 हजार घरे दिली गेली. काही वाटा सरकारचा, काही कामगाराचा, आणि जमीन नफ्याच्या बाजारातून बाहेर काढलेली. भंडारा जिल्हाही विडीचा जिल्हा आहे. सोलापूरच्या बायांना जे जमले ते आपल्या बायांना का जमू नये?

शेवटी घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. शेत विकून शहरात फ्लॅट घ्यावा काय? आम्ही कोणाला नाही म्हणत नाही. आपल्या घरातून 'उद्या खाली कर' असे कोणी सांगत नाही, ह्या निश्चिंतीची किंमत हिशेबाच्या वहीत बसत नाही. परंतु सही करण्यापूर्वी दोन आकडे शेजारी लिहावेत: त्या घराचा किराया आणि कर्जाचा हप्ता. दोहोंत जे अंतर पडते ते वीस वर्षे भरण्याइतके काम आपल्या हातात टिकेल काय, हे स्वतःला विचारावे. शेत एकदा गेले की परत येत नाही. ह्या तालुक्यात गोसीखुर्दच्या पाण्याने ज्यांची घरे व शेते घेतली, त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

आणि संघटनेत असाल, तर पुढच्या वेळी मागणीपत्र लिहिताना पगारवाढीच्या खाली एक ओळ घराची लिहा. आम्ही ती वीस वर्षांपूर्वी लिहिली नव्हती. त्या कामगाराचा प्रश्न अजून आमच्या कानात आहे.