तिसरीपर्यंत काय यायला हवे?

बारामती-इंदापूरच्या जिल्हा परिषद शाळांतील लहान वर्गांचा कस पाठांतरावर लागत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने वाचन आणि गणिताची राष्ट्रीय उद्दिष्टे ठरवून दिली आहेत.

● पहिली : चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये वाचणे; ९९ पर्यंतच्या संख्या, साधी बेरीज-वजाबाकी.

● दुसरी : मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचणे, ९९९ पर्यंतच्या संख्या.

● तिसरी : मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतच्या संख्या, गुणाकाराची सोपी उदाहरणे.

● परिसर : तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी ‘बालभारती’ने जिल्हावार पुस्तके काढली. इथल्या मुलांना तर नकाशा घराजवळच सापडतो : नीरा-भीमेचा संगम नीरा नरसिंहपूरला, उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी भिगवणला.

● वेळ : शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन.

● हंगाम : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप सुरू झाले, की ऊसतोड कामगारांची मुलेही येतात. त्यांची शाळा वर्षाच्या मध्यावर बदलते. म्हणून अशा मुलाला कोणत्या इयत्तेत बसवायचे, याबरोबरच त्याला आज काय वाचता येते, हेही पाहायला हवे.

पालकांनी एवढे करावे : रोज दहा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि वाचलेले त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे.