घरचा जलतरण तलाव आणि द्रवरूप क्लोरीनचा जमाखर्च

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या आपल्या परिसरात व्यापारी कुटुंबांच्या शेतावरील बंगल्यांत अलीकडे छोटेखानी जलतरण तलाव दिसू लागले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे आली की दिवसभर पाण्यात असतात. तलाव बांधताना फरशी, पंप आणि गाळणयंत्र यांची चौकशी कसोशीने होते. पाणी निर्जंतुक कसे राखायचे, हा प्रश्न मात्र रखवालदाराच्या हाती सोपवला जातो. तो दुकानदार देईल ती पावडर अथवा गोळी टाकतो आणि पाणी निळे दिसले की काम झाले असे समजतो.

गेल्या काही दिवसांत दोन-तीन परिचितांनी एकच प्रश्न विचारला: पावडर आणि गोळ्या सोडून द्रवरूप क्लोरीन वापरावे काय? मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. बँकेत उभी हयात ताळेबंद वाचण्यात गेली. परंतु या प्रश्नाचा विचार करता लक्षात आले की हा विषयही मुळात जमाखर्चाचाच आहे. क्लोरीनच्या प्रत्येक प्रकाराची एक दर्शनी किंमत असते आणि एक मागे उरणारी देणी असते. दर्शनी किंमत सर्वांना दिसते. देणी तलावाच्या पाण्यात साचत राहते.

कापसापासून पाण्यापर्यंत

क्लोरीनचे आणि कापसाचे नाते जुने आहे. कापड पांढरे करण्यासाठी ते महिनोन्‌महिने उन्हात पसरून ठेवण्याची रीत युरोपात होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लोरीनने तेच काम थोड्या काळात होऊ लागले. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या आपल्या जिल्ह्यातील घरांना हे नाव नवे नाही. पुढे हीच वस्तू पाण्याच्या शुद्धीकरणाकडे वळली. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ पासून शहराच्या पाणीपुरवठ्यात नियमित क्लोरीन मिसळले जाऊ लागले आणि ती पद्धत जगभर पसरली. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याच घराण्यातील.

द्रवरूप क्लोरीन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण. बाजारात त्याला नुसते 'हायपो' असेही म्हणतात. २०२० साली करोनाच्या काळात रस्त्यांवर आणि कार्यालयांत जी फवारणी झाली, ती याच द्रावणाची, अगदी सौम्य स्वरूपातील. तलावासाठी मिळणारे द्रावण साधारणतः १० ते १२ टक्क्यांचे असते. घरगुती ब्लीच त्याच्या निम्म्याहून कमी शक्तीचे असून त्यात सुगंध वा साबण मिसळलेला असेल तर ते तलावात मुळीच वापरू नये.

तीन पर्याय, तीन प्रकारची देणी

उदाहरणादाखल वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल तलाव घेऊ. त्यात सुमारे २५,००० लिटर पाणी मावते. ऊन, घाम आणि पालापाचोळा यांमुळे दिवसाला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होते असे धरले, तर रोज ५० ग्रॅम क्लोरीनची भरपाई करावी लागेल. त्यासाठी टीसीएल पावडर सुमारे १५० ग्रॅम, ट्रायक्लोरच्या गोळ्या सुमारे ५५ ग्रॅम किंवा १० टक्क्यांचे द्रवरूप क्लोरीन अर्धा लिटर लागते.

टीसीएल स्वस्त व सर्वत्र उपलब्ध आहे. परंतु तिच्यात चुना असतो. तो पूर्ण विरघळत नाही. तळाशी गाळ बसतो, पाणी गढूळ दिसते आणि गाळणयंत्र तुंबते. आपल्याकडील काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा आधीच जड असते. त्यात आणखी चुना पडला की फरशीवर आणि पाइपांत पांढरे थर चढतात.

ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरायला सर्वांत सोप्या. तरंगत्या डबीत ठेवल्या की हळूहळू विरघळतात. मात्र क्लोरीनबरोबर त्या सायन्युरिक आम्ल नावाचा पदार्थ पाण्यात सोडतात. हा पदार्थ मर्यादेत असेल तर उपकारक आहे, कारण तो उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करतो. तो नसेल तर उघड्या तलावातील बहुतेक क्लोरीन भर दुपारी दोन-तीन तासांत उडून जाते. परंतु क्लोरीन खर्च होते आणि हे आम्ल शिल्लक राहते. पाण्याच्या वाफेबरोबर ते जात नाही. गोळ्यांतून मिळणाऱ्या दर १० मिलिग्रॅम क्लोरीनमागे सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल जमा होते. आपल्या उदाहरणातील तलावात एका महिन्यात ते लिटरमागे ३६ मिलिग्रॅम होईल आणि तीन महिन्यांत शंभरी ओलांडेल. प्रमाण वाढत गेले की तेच आम्ल क्लोरीनला जखडून ठेवते. चाचणीत क्लोरीन दिसते, पण जंतू मारण्याचे त्याचे काम मंदावते. कागदोपत्री भरपूर ठेव, पण गरजेच्या वेळी काढता येत नाही, अशी ही अवस्था होय. पाणी हिरवट होऊ लागते, रखवालदार आणखी गोळ्या टाकतो आणि देणी वाढतच जाते.

द्रवरूप क्लोरीनचा वापर झाल्यावर मागे उरते ते मुख्यतः साधे मीठ. याच हिशेबाने तीन महिन्यांत लिटरमागे सुमारे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे संपूर्ण तलावात साडेसात किलो मीठ जमेल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, हे ध्यानात घेता ही देणी हलकी आहे.

पाण्याचा अपव्यय हाच खरा मुद्दा

सायन्युरिक आम्ल वाढल्यावर घरच्या तलावाला सर्वसाधारण उपाय एकच: पाणी उपसून टाकणे आणि नवे भरणे. प्रमाण निम्म्यावर आणायचे तर निम्मे पाणी, म्हणजे १२,५०० लिटर सोडून द्यावे लागते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आहे. त्या मापाने पाच माणसांच्या कुटुंबाचे हे पंचेचाळीस दिवसांचे पाणी झाले. आणि ही वेळ नेमकी केव्हा येते? मार्चमध्ये सुरू केलेल्या गोळ्यांचा हिशेब मेअखेरीस पूर्ण होतो. त्या वेळी धाम नदीचे पात्र आटलेले असते, शेजारच्या गावातील विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि बाया-माणसे हंडे घेऊन फिरत असतात.

तूप सांडले तर चालेल, पाणी सांडता कामा नये, हा राजस्थान-गुजरातहून इकडे येऊन स्थिरावलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचा दंडक होता. तलाव असावा की नसावा, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु असेलच, तर एकदा भरलेले पाणी शक्य तितके टिकवणे हे आपले कर्तव्य ठरते. द्रवरूप क्लोरीनच्या बाजूने माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे.

द्रवरूप क्लोरीनचा घसारा

मग या पर्यायात उणे काहीच नाही काय? आहे, आणि ते विदर्भात अधिक जाणवते. यंत्राप्रमाणे द्रवरूप क्लोरीनलाही घसारा लागतो. ते कॅनमध्ये पडून राहिले तरी त्याची शक्ती उतरते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग सुमारे साडेतीन पट होतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत जेवढी घट होते, तिच्या दहा-बारा पट घट मे महिन्यात ४५ अंशांच्या पत्र्याच्या शेडमध्ये होईल. तीव्र द्रावण सौम्य द्रावणापेक्षा लवकर उतरते. ऊन आणि लोखंड, तांबे यांसारख्या धातूंचा स्पर्शही त्याला मारक आहे.

म्हणून येथे घाऊक खरेदीचा मोह टाळावा. भाव पडला म्हणून वर्षभराचा माल भरणे धान्यात शहाणपणाचे असेल. या वस्तूत ते तोट्याचे आहे. ज्याचा माल लवकर खपतो अशा विक्रेत्याकडून, उत्पादनाची तारीख पाहून, दोन-तीन आठवड्यांपुरताच माल घ्यावा. मूळ प्लास्टिकच्या कॅनमध्येच, सावलीत, हवा खेळती राहील अशा थंड जागी तो ठेवावा.

शक्ती घरच्या घरी तपासता येते. औषधाच्या दुकानातील सिरिंजने १ मिलिलिटर द्रावण एक लिटर आरओच्या पाण्यात मिसळावे. त्यातील २० मिलिलिटर घेऊन पुन्हा आरओचे पाणी घालून एक लिटर करावे. चाचणीत २ मिलिग्रॅम दिसले तर मूळ द्रावण १० टक्क्यांचे. १ दिसले तर ५ टक्के उरले, आणि मात्रा दुप्पट करावी. चाचणीसाठी गुलाबी रंग देणारा डीपीडी संच घ्यावा. ग्रामपंचायतीत परिचित असलेली पिवळ्या रंगाची ओटी चाचणी एकूण क्लोरीन दाखवते. त्यातील मोकळे, कामाचे किती, हे डीपीडीतून समजते.

बदल कसा करावा

सर्वांत व्यवहार्य मार्ग दोन्हींचा मेळ घालण्याचा आहे. उघड्या तलावात सायन्युरिक आम्ल लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम असणे इष्ट. पहिल्या महिन्यात गोळ्या वापरल्या की एवढे भांडवल उभे राहते. त्यानंतर गोळ्या थांबवून रोजचा खर्च द्रवरूप क्लोरीनमधून भागवावा. पूर्वीपासून गोळ्या चालू असतील तर आधी या आम्लाची चाचणी करावी. ५० च्या आत असेल तर पाणी बदलण्याचे कारणच नाही.

मोकळे क्लोरीन लिटरमागे २ ते ४ मिलिग्रॅम आणि सामू, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा, ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखावा. सामू ८ वर गेला की क्लोरीनचा जंतुनाशक अंश बराच घटतो. गोळ्या सामू खाली ओढतात, द्रवरूप क्लोरीन तसे करीत नाही. त्यामुळे बदलानंतर पहिले काही आठवडे सामू रोज पाहावा.

मात्रा सायंकाळी द्यावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या घरांत ही वेळ सहज सापडते. मुले पाण्याबाहेर असतात आणि रात्रभर क्लोरीनला ऊन लागत नाही. पंप चालू ठेवून, पाणी जेथून तलावात परत येते त्या तोंडाशी द्रावण हळूहळू ओतावे. दुसऱ्या दिवशी चाचणी केल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये.

क्लोरीन मळाशी झुंजण्यातच संपू नये यासाठी पाणी आधी गाळलेले हवे. पाणी गाळून वापरणे हा आपल्या घरांचा कुलाचार. तलावातही पहिला मान गाळणयंत्राचा, नंतर औषधाचा. पोहण्यापूर्वी सर्वांनी अंघोळ करावी. तलावाला उग्र वास येऊन डोळे चुरचुरतात तेव्हा क्लोरीन जास्त झाले असे समजतात. बहुधा ते घाम व मूत्र यांच्याशी संयोग पावलेले क्लोरीन असते आणि मोकळे क्लोरीन कमी पडलेले असते.

जिवावर बेतणाऱ्या चुका

काही नियम रखवालदाराला समोर बसवून समजावून सांगावेत. द्रवरूप क्लोरीन आणि संडास-फरशीचे ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही वस्तू एका कपाटात ठेवू नयेत आणि एकाच भांड्याने मोजू नयेत. गोळ्यांच्या डबीत द्रवरूप क्लोरीन अथवा टीसीएल टाकू नये. या मिश्रणाने आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. पर्याय बदलण्याच्या काळात घरात तिन्ही वस्तू असतात, म्हणून हा धोका त्याच वेळी सर्वाधिक असतो.

ओतताना हातमोजे व चष्मा घालावा. द्रावण शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवू नये. तहानलेले मूल ती तोंडाला लावू शकते. वाहतुकीत कॅन उभा आणि घट्ट बांधलेला असावा. तलावासाठी आणलेला औद्योगिक प्रतीचा माल पिण्याच्या पाण्याच्या टाकीत वापरू नये.

हे सारे पाळण्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. तारीख, मोकळे क्लोरीन, सामू, टाकलेली मात्रा आणि कॅन उघडल्याचा दिवस एवढे पाच रकाने आखावेत. महिन्यातून एकदा सायन्युरिक आम्लाचा आकडा लिहावा. दुकानाची रोजमेळ वही न चुकता लिहिणाऱ्या घराला हे काम पाच मिनिटांचे आहे. ही वही घरातील एखाद्या शाळकरी मुलाकडे सोपवावी, मात्र द्रावण मोठ्यांनीच हाताळावे. पाणी किती मोलाचे आहे आणि ते राखायला रोज किती लक्ष द्यावे लागते, हे त्या मुलाला या वहीतून आपोआप कळेल.