माठातल्या पाण्यापासून निरपेक्ष शून्याकडे

उष्णता म्हणजे एक वजनरहित द्रव असून तो तापलेल्या वस्तूतून थंड वस्तूत वाहत जातो, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सर्रास मान्य होती, आणि त्या द्रवाला ‘कॅलरिक’ असे नावही मिळाले होते. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा कोरण्याच्या कामावर देखरेख करणारे काउंट रम्फर्ड यांना मात्र ही कल्पना पटेना. १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, बोथट हत्यारावर पितळेचा ठोकळा घोड्यांच्या बळाने फिरवत ठेवला असता त्याच्या भोवतीच्या पेटीतले पाणी विस्तवाशिवाय सुमारे अडीच तासांत उकळू लागते, आणि घर्षण चालू असेपर्यंत ही उष्णता आटत नाही. जे अखंड निर्माण होत राहते ते साठवलेले द्रव्य असू शकत नाही; ते गतीचेच एक रूप असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ही गती कशाची, याचे उत्तर पुढे एकोणिसाव्या शतकात मिळाले. घन पदार्थातले अणू आपापल्या जागी सेकंदाला अब्जावधी नव्हे, तर त्याच्याही हजारपट किंवा अधिक वेळा कंप पावतात, द्रवातले कण एकमेकांना बिलगूनही जागा बदलत राहतात, तर वायूतले रेणू मोकळे धावतात आणि एकमेकांवर आदळतात. या अव्यवस्थित हालचालीत प्रत्येक कणाच्या वाट्याला सरासरीने येणारी गतिज ऊर्जा, म्हणजेच गतीमुळे असलेली ऊर्जा, किती आहे हे नेहमीच्या परिस्थितीत तापमान सांगते. यातील ‘अव्यवस्थित’ आणि ‘सरासरी’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे असून तापमानाविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ त्यांच्याकडे झालेल्या दुर्लक्षात आहे. धावत्या आगगाडीच्या डब्यातली हवा गाडीच्या वेगाने पुढे जात असते, तरी त्यामुळे ती तापत नाही, कारण ती गती सर्व रेणूंना सारखी आणि एकाच दिशेची आहे. ब्रेक लावताच हीच शिस्तबद्ध गती अणूंच्या सैरावैरा कंपनांत विखुरते आणि ब्रेकचे ठोकळे चटका बसण्याइतके तापतात. त्याचप्रमाणे एकट्यादुकट्या अणूला वेग असतो, तापमान नसते. तापमान हा समूहाचा गुण आहे.

२७ अंश सेल्सियसच्या हवेत नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर, म्हणजे त्याच हवेतल्या ध्वनीपेक्षाही अधिक वेगाने धावतात. तापमान सारखे असेल तर सरासरी ऊर्जाही सारखी असते, म्हणून हलके रेणू अधिक चपळ असतात, आणि हायड्रोजनचा वेग जवळजवळ चौपट भरतो. दिवस २० अंशांवरून ४० अंशांवर गेला, तर आकडा दुप्पट दिसतो, पण रेणूंचा वेग जेमतेम तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतो. याचे कारण असे की, सेल्सियसचे शून्य बर्फाच्या वितळण्यावरून ठरवलेले आहे, तर रेणूंच्या गतीचा हिशेब त्याच्या २७३.१५ अंश खाली असलेल्या निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे केल्विन मापनक्रमाने करावा लागतो, आणि वेग हा त्या तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

सर्व रेणू सरासरी वेगानेच धावत नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये वायूतील वेगांची विभागणी गणिताने मांडली: काही रेणू अगदी मंद, बहुसंख्य मध्यम आणि थोडे अतिशय वेगवान. मातीच्या माठातले पाणी गार होते ते द्रवातल्या अशाच विषमतेमुळे. सच्छिद्र भिंतीतून बाहेर झिरपलेल्या पाण्यातले सर्वाधिक ऊर्जेचे रेणू शेजाऱ्यांचे आकर्षण तोडून हवेत निसटतात, मागे राहिलेल्यांची सरासरी उतरते, आणि सरासरी उतरणे म्हणजेच पाणी थंड होणे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जितका उपयोगी पडतो तितका कोकणात पडत नाही, कारण दमट हवेतून जवळजवळ तितकेच रेणू पाण्यात परतत असतात.

अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी १९९५ मध्ये हेच तत्त्व त्याच्या टोकाला नेले. रुबिडियमच्या अणूंवर त्यांनी चहूबाजूंनी लेसरचा प्रकाश सोडला. त्याची वारंवारता अशी बेताने कमी ठेवलेली होती की, प्रत्येक अणूला मुख्यतः त्याच्या समोरून येणाऱ्या प्रकाशाचाच धक्का बसून त्याची गती मंदावत जावी. मंदावलेले अणू चुंबकीय सापळ्यात धरल्यावर सापळ्याच्या कडेपर्यंत पोचणारे सर्वांत चपळ अणू रेडिओलहरींनी निवडून बाहेर काढले गेले, आणि उरलेले आपसांत आदळून पुन्हा नव्या, खालच्या सरासरीला स्थिरावत गेले. केल्विनच्या एक अब्जांश भागाला नॅनोकेल्विन म्हणतात. अशा सुमारे १७० नॅनोकेल्विनला, जेथे अणूंचा वेग सेकंदाला काही मिलिमीटर एवढाच उरतो, उरलेले अणू एकाच पुंज-अवस्थेत एकवटले. ढाका विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या प्रकाशकणांच्या गणनेचा आइन्स्टाइन यांनी अणूंपर्यंत विस्तार करून अशा अवस्थेचे भाकीत केले होते. ते प्रयोगाने खरे ठरायला सात दशके लागली, हे या कामाच्या अवघडपणाचे माप आहे.

निरपेक्ष शून्याला सर्व हालचाल थांबते, असे मात्र समजू नये. कणाची जागा आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, ही दोन्ही एकाच वेळी नेमकी ठरू शकत नाहीत, असा पुंजयामिकीचा नियम असल्यामुळे अणू पूर्णपणे स्तब्ध होत नाही. काढून घेता येण्याजोगी सगळी ऊर्जा काढून घेतल्यावरही थोडे कंपन त्याच्यात उरतेच. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली हेलियम कितीही थंड केले तरी गोठत नाही ते यामुळेच: त्याचे अणू हलके, त्यांचे परस्परांतील आकर्षण दुबळे, आणि हे उरलेले कंपन त्यांना जागेवर बसू देत नाही. हेलियमचा स्फटिक करायचा तर थंडीच्या जोडीला वातावरणाच्या सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो.